थकलेली हवा



या मालिकेत आपण बहुतेक वेळा माणसांचा, गावांचा आणि राज्यांचा इतिहास बघतो. आज मी एका अडचणीचा इतिहास सांगणार आहे. जेट इंजिनाच्या पुढच्या भागात कॉम्प्रेसर असतो, म्हणजे हवा दाबून आत ढकलणाऱ्या पात्यांच्या रांगा. या पात्यांच्या पाठीवरून वाहणारी हवा कधी कधी पात्याला सोडून देते आणि सगळं यंत्र गुदमरतं. तसं होऊ नये म्हणून पात्यात बारीक फट ठेवायची आणि तिथली मंदावलेली हवा शोषून घ्यायची, असा एक उपाय आहे. या उपायाचं मूळ १९०४ सालचं आहे. पहिलं जेट विमान उडालं १९३९ साली. म्हणजे औषध आधी सापडलं आणि रोगी नंतर जन्मला. तरीही आज तुम्ही कोलकात्याहून पुण्याला विमानाने गेलात, तर त्या विमानाच्या इंजिनात हे औषध सापडणार नाही.

असं का झालं, हा आजचा प्रश्न. आणि तो मला पुस्तकात पडला नाही. तो इथे बंगालमध्ये, नोकरीवर असताना पडला, आणि त्यात माझी फजितीही झाली. तिथूनच सुरुवात करतो.

हुगळीकाठचा पंखा

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी नोकरीसाठी कोलकात्याला आलो. हुगळीकाठच्या एका वीजकेंद्रात तरुण इंजिनियर म्हणून लागलो होतो. तिथे बॉयलरला हवा पुरवणारे दोन प्रचंड पंखे होते. पंखा चालू असतानाच त्याच्या पात्यांचा कोन बदलता यायचा. कोन वाढवला की हवा जास्त, कमी केला की कमी. एका रात्री एक पंखा पूर्ण भारावर चालू होता आणि दुसरा त्याच्या जोडीला आणायचा होता. मी घाई केली. दुसऱ्या पंख्याची पाती भराभर उघडत गेलो.

आणि आवाज सुरू झाला. रिकाम्या पिंपावर कुणी घण घालावा तसा. पायाखालची जाळी थरथरायला लागली, हवेचा दाब वाढायच्या ऐवजी खाली आला, काटे नाचू लागले. मला वाटलं बेअरिंग गेलं. आमचे फोरमन धावत आले. त्यांना सगळे दादा म्हणायचे. बंगालीतही दादा म्हणजे थोरला भाऊच. दादांनी एक शब्द न बोलता दुसऱ्या पंख्याची पाती मिटवली, पहिल्याचा भार थोडा उतरवला, दोघांचा दाब जुळू दिला आणि मग दोन्हींचे कोन बरोबरीने, हळूहळू वाढवले. दहा मिनिटांत सगळं शांत. नंतर चहा पिताना ते एवढंच म्हणाले, की मोठा घास घेतला की ठसका लागतो; पंख्याचंही तसंच आहे.

मी कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला. मला हे माहीत होतं, किंवा माहीत आहे असं वाटत होतं. मी दादांना ऐटीत सांगितलं, की याला स्टॉल म्हणतात, पात्याच्या पाठीवरची हवा सुटली म्हणून हा प्रकार झाला, आणि यावर जर्मनीत ऐंशी वर्षांपूर्वीच उपाय निघालाय. पात्याला पाठीवर बारीक भोकं पाडायची, आतून हवा ओढायची, संपलं. दादांनी मान हलवली, शेजारच्या कठड्यावरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. कोळशाची भुकटी आणि पावसाळ्याची ओल यांचं काळं लुकण होतं ते. हे तुमच्या भोकांत जाईल, ते म्हणाले. साफ कोण करणार? आणि मशिन किती दिवस बंद ठेवणार?

मी गप्प बसलो, पण मनातून पटलं नव्हतं. एवढा सोपा उपाय आणि कुणी वापरत नाही, म्हणजे लोकांनी वाचलेलं नसणार, असं मला वाटलं. तेव्हापासून मी ही गोष्ट धुंडाळत आलोय.

चढावरची दिंडी

आधी हवा सुटते म्हणजे काय, ते समजून घेऊ. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट लागतो. आषाढी वारीत माउलींची पालखी तो घाट चढते. रस्ताभर माणसं आहेत. रस्त्याच्या मधली मंडळी टाळ वाजवत जोरात चालली आहेत. पण कडेला, कठड्याला घासून चालणारे हळूहळू मंदावतात. सपाट रस्त्यावर ते कसेबसे बरोबर राहतात. चढ लागला की आधी तेच थकतात, थांबतात, आणि पुरेसा उभा चढ असेल तर मागे सरकायला लागतात. मग मागून येणाऱ्यांना त्यांना वळसा घालून जावं लागतं. रस्ता असतो तेवढाच, पण चालायला जागा निम्मी राहते.

पात्याजवळच्या हवेचं नेमकं हेच होतं. धातूला लागून असलेला हवेचा एक पातळ थर घर्षणामुळे मंद असतो. त्याला सीमास्तर म्हणतात. आता कॉम्प्रेसरचं काम काय? हवेचा वेग कमी करून तिचा दाब वाढवणं. म्हणजे हवेला कमी दाबाकडून जास्त दाबाकडे जायचंय. हा तिच्यासाठी चढ आहे. मधली वेगवान हवा तो चढ चढून जाते. सीमास्तरातल्या हवेत तेवढा दम नसतो. ती थांबते, उलटी फिरते, आणि बाकीची हवा पात्यापासून दूर फेकली जाते. पातं हवेला वळवू शकत नाही, दाब कोसळतो. एवढ्यावर भागलं तर त्याला स्टॉल म्हणायचं. संपूर्ण इंजिनातली दाबलेली हवाच पुढच्या तोंडाकडे उसळून आली तर तो सर्ज. त्यात इंजिन धडाक्याने आवाज करतं, विझू शकतं, पाती तुटू शकतात.

उलट टर्बाइनमध्ये हवेला उतार असतो, जास्त दाबाकडून कमी दाबाकडे. उतारावर दमलेला माणूसही चालतो. म्हणून एक साधं निरीक्षण करा: जुन्या जेट इंजिनांत कॉम्प्रेसरच्या सात-आठ रांगा असतात आणि त्यांना फिरवणारी टर्बाइनची रांग एकच. चढ थोडा थोडा करून चढावा लागतो; उतरायला एक उडी पुरते.

मग दिवे घाटातली कोंडी कशी सोडवाल? एक मार्ग असा, की दर काही पावलांवर कठड्याला वाट ठेवायची आणि थकलेल्या वारकऱ्यांना हाताला धरून बाजूला घ्यायचं. बाकीची दिंडी वेगात पुढे जाईल. शोषणाचा उपाय तो हाच.

पसरट नळीपासून हायडेलबर्गपर्यंत

हा उपाय ज्याला सुचला, तो लुडविग प्रांटल. १८७५ चा जन्म. विसाव्या शतकाच्या तोंडावर तो न्यूरेंबर्गला एमएएन या कारखान्यात इंजिनियर होता. यंत्रांवर पडणारा किस आणि ढलपे हवेने ओढून नेण्याची व्यवस्था सुधारायचं काम त्याच्याकडे आलं. त्याने नळी एका ठिकाणी रुंद होत जाईल अशी केली. हिशेब असा, की नळी रुंदावली की हवा मंदावेल आणि तेवढा दाब परत मिळेल. दाब मिळाला नाही. हवा रुंद होणाऱ्या भिंतीला चिकटून राहायला तयारच नव्हती. कारखान्याचं काम त्याने दुसऱ्या रीतीने निभावलं, पण हवेने भिंत का सोडली हा प्रश्न घेऊन तो हानोवरला प्राध्यापक म्हणून गेला.

ऑगस्ट १९०४ मध्ये हायडेलबर्गला गणितज्ञांची तिसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे एकोणतीस वर्षांच्या प्रांटलला बोलायला दहा मिनिटं मिळाली. छापील निबंध आठ पानांचा. त्यात सीमास्तराची कल्पना पहिल्यांदा मांडली गेली. त्याने हाताने चाक फिरवून पाणी खेळतं ठेवणारी एक टाकी बनवली होती. पाण्यात एक दंडगोल उभा केला, त्याच्या एका बाजूला फट ठेवली आणि त्या फटीतून थोडं पाणी आत ओढलं. फोटोत स्पष्ट दिसतं, की फट असलेल्या बाजूला प्रवाह दंडगोलाला धरून बराच पुढे जातो. दुसऱ्या बाजूला तो लवकर सुटतो आणि मागे भोवरे पडतात. रोगाचं कारण आणि त्यावरचा इलाज, दोन्ही त्याच आठ पानांत.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्स हा वाफेच्या टर्बाइनचा जनक हवा दाबणारी पात्यांची यंत्रं बनवत होता. टर्बाइन उत्तम चालते, तर ती उलटी चालवली की कॉम्प्रेसर होईल, असा त्याचा विचार. यंत्रं विकलीही गेली, पण त्यांची कार्यक्षमता इतकी हलकी होती की काही वर्षांत त्याने तो नाद सोडला. टर्बाइनच्या उतारावर चालणारी पाती चढावर अडखळत होती. १९२६ साली ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की अशा यंत्रांची पाती मुळात स्टॉल झालेल्या अवस्थेतच काम करतात, आणि त्यांना विमानाच्या पंखासारखा आकार दिला तर चित्र बदलेल. आजच्या कॉम्प्रेसरचा रस्ता तिथून सुरू होतो. हाच ग्रिफिथ पुढे १९४० च्या दशकात शोषणाची फट असलेल्या जाड पंखाच्या कल्पनेपर्यंतही पोहोचला.

गॉटिंगेनमधला मराठी विद्यार्थी

प्रांटल १९०४ मध्येच गॉटिंगेनला गेला आणि ते गाव हवेच्या शास्त्राची पंढरी झालं. १९२५ मध्ये तिथे आकेरेट, बेट्झ आणि श्रेंक यांनी शोषणाच्या फटी असलेल्या पंखावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पंख जास्त कोनात नेला तरी हवा त्याला धरून राहते हे वातबोगद्यात दिसलं.

त्यानंतर दहाएक वर्षांनी प्रांटलकडे एक मराठी विद्यार्थी डॉक्टरेट करत होता. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर भागातले, १९०८ चा जन्म. १९३६ मध्ये त्यांनी गॉटिंगेनची पीएच.डी. मिळवली. कल्पना करा, ज्या माणसाने सीमास्तर जगाला दाखवला त्याच्याच हाताखाली आपला माणूस शिकला. १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी केली आणि घाटगे तिथे आले. १९४२ च्या अखेरीस भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, तो त्यांच्याच देखरेखीखाली. त्यांनी आरेखलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये उडालं. स्वतंत्र भारतात भारतीय हातांनी घडवलेलं ते पहिलं विमान. वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्यावर शिकल्या. पुढे किरण हे शिकाऊ जेटही त्यांच्या नेतृत्वाखाली आकाराला आलं. ते ४ सप्टेंबर १९६४ ला पहिल्यांदा उडालं.

आता त्या विमानांच्या नाकात आणि पोटात काय होतं ते बघा. एचटी-२ चं इंजिन सिरस मेजर, इंग्लंडचं. किरणचं इंजिन व्हायपर, तेही इंग्लंडचं. पंख, शेपटी, सांगाडा आपला, इंजिन बाहेरचं.

याच वर्षांत गॉटिंगेनमध्ये काय झालं? घाटगे परतल्यानंतर थोड्याच काळात बेट्झ आणि एन्के यांनी तिथे कॉम्प्रेसरच्या पात्यांचं काम केलं आणि त्यातून युमो ००४ या जर्मन जेट इंजिनाचा कॉम्प्रेसर निघाला. आठ रांगा, आणि सगळ्या मिळून हवेचा दाब सुमारे ३.१ पट. हे इंजिन हजारोंनी बनलं. एकाच गावातून एक विद्या बंगलोरला आली आणि एक विद्या इंजिनात गेली. बंगलोरला आलेल्या विद्येत काही उणं नव्हतं. जर्मनीकडे तिच्या जोडीला मिश्रधातूंचे कारखाने होते, चाचणीचे मोठे बोगदे होते आणि पाती तुटली तर पुन्हा नवी पाती घडवण्याचा पैसा होता. प्रांटलची समीकरणं बोटीतून बरोबर आणता येत होती. बाकीचं सामान बोटीत मावत नव्हतं.

दमदमचं आकाश

आता कोलकात्याकडे येऊ. या शहराने जेट युग फार लवकर पाहिलं. बीओएसीची कॉमेट विमानं लंडनहून पूर्वेकडे जाताना दमदमला उतरायची. २ मे १९५३ रोजी दमदमहून दिल्लीकडे निघालेलं एक कॉमेट काही मिनिटांतच वादळात सापडून मोडलं आणि ४३ जण गेले. त्यात इंजिनाचा दोष नव्हता. पण त्या कॉमेटच्या घोस्ट इंजिनात पात्यांच्या रांगा नव्हत्या हे सांगायला हवं. त्यात हवा केंद्रापासून बाहेर फेकणारं एकच चाक होतं. बोजड पण दणकट. सुरुवातीच्या इंग्रज इंजिनियरांनी तो मार्ग घेतला, कारण रांगांचा कॉम्प्रेसर कधी गुदमरेल याचा भरवसा नव्हता.

तो भरवसा मिळवायला किती त्रास पडला, याचं उदाहरण हंटर हे लढाऊ विमान. त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यात रोल्स-रॉईसचं एव्हॉन इंजिन होतं. उंचावर तोफा झाडल्या की त्यांचा धूर इंजिनात शिरायचा आणि कॉम्प्रेसर सर्ज व्हायचा. म्हणजे शत्रूवर गोळी झाडायची आणि आपलंच इंजिन उचकी द्यायचं. तात्पुरता इलाज म्हणून तोफ झाडताना इंधन आपोआप कमी करण्याची सोय केली, आणि पुढे कॉम्प्रेसरच नव्याने आखला. त्या नव्या कॉम्प्रेसरची हंटर भारताने १९५७ पासून घेतली. सप्टेंबर १९६५ मध्ये खरगपूरजवळच्या कलाईकुंडा तळावर पाकिस्तानी सेबर चालून आले, तेव्हा त्यांच्याशी हंटरच भिडले.

आणि मग २२ नोव्हेंबर १९७१. दमदमवर तैनात असलेल्या २२ व्या स्क्वाड्रनची चार नॅट विमानं उडाली. मॅसी, गणपती, लाझारस आणि सोरेस हे चार वैमानिक. बोयरावर काही मिनिटांची चकमक झाली. दोन पाकिस्तानी वैमानिक पॅराशूटने उतरून पकडले गेले. त्यांतले परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. ही हकिगत पुष्कळांना माहीत आहे. त्या नॅटच्या पोटात ऑर्फियस नावाचं इंजिन होतं, ते फारसं कुणी सांगत नाही. कॉम्प्रेसरच्या सात रांगा, टर्बाइनची एक. सातही रांगा मिळून दाब सुमारे ४.४ पट. हिशेब केला तर प्रत्येक रांगेच्या वाट्याला जेमतेम सव्वापट. पण कडक वळणं घेतानाही टिकून राहणारं, साधं आणि हलकं इंजिन. ब्रिस्टल कंपनीचा आराखडा, आणि बंगलोरला आपल्याच कारखान्यात त्याचं परवान्याने उत्पादन.

हेच इंजिन आपल्या मारुतमध्ये बसवावं लागलं. कुर्ट टँक या जर्मन आरेखकाने बंगलोरला आखलेलं एचएफ-२४ मारुत १७ जून १९६१ ला उडालं. ते आखलं होतं ऑर्फियसच्या जास्त ताकदीच्या, मागे पुन्हा इंधन जाळणाऱ्या नमुन्यासाठी. इंग्लंडने तो नमुना सोडून दिला. आपल्याकडे पर्याय नव्हता, म्हणून साध्या ऑर्फियसच्या जोडीवर मारुत चालवलं. १४७ विमानं बनली. देखणा सांगाडा होता, पण ज्या वेगासाठी जन्मला तो वेग त्याला कधी मिळाला नाही. इंजिन दुसऱ्याचं असलं की विमानाचं भवितव्य दुसऱ्याच्या टेबलावर ठरतं, हा धडा आपण मारुतवर शिकलो.

शोषणाची परीक्षा

आता मूळ प्रश्न. प्रांटलची फट या पात्यांत का आली नाही?

१९५३ च्या सुमारास दोन मर्यादा कागदावर आल्या. स्वित्झर्लंडच्या द हॅलरने सांगितलं, की पात्यांमधून जाताना हवेचा वेग मूळच्या साधारण ७२ टक्क्यांच्या खाली उतरवू नका, नाहीतर ती सुटेल. अमेरिकेत लीब्लाइन आणि सहकाऱ्यांनी असाच एक अंक दिला. जगभरचे आरेखक या कुंपणाच्या आत राहून काम करू लागले. एका रांगेत थोडंच चढायचं, आणि रांगा वाढवायच्या. रांगा वाढल्या की वजन, लांबी आणि खर्च वाढतो, पण यंत्र चालतं.

कुंपण ओलांडायचे प्रयत्न झालेच. १९६३ मध्ये अमेरिकेत एक्स-२१ नावाचं विमान उडालं. त्याच्या पंखांवर केसासारख्या बारीक फटी होत्या. हेतू जरा वेगळा होता, पंखावरचा थर शांत ठेवून इंधन वाचवायचं. हवेत ते जमलं. पण फटींत धूळ, किडे, पाणी जायला लागलं आणि त्या स्वच्छ ठेवणं हाच एक कारखाना होऊन बसला. हे वाचलं तेव्हा मला हुगळीकाठचं दादांचं काळं बोट आठवलं. त्यांनी एक्स-२१ चं नावही ऐकलं नव्हतं.

नासासाठी अमेरिकेत कॉम्प्रेसरच्या स्थिर पात्यांवरही शोषणाचे प्रयोग झाले, त्यांचा अहवाल १९७१ चा. स्थिर पातं त्यातल्या त्यात सोपं. ते जागेवर असतं, आतून नळी जोडता येते. फिरत्या पात्याचं काय करणार? ते मिनिटाला हजारो फेरे घेतं. पात्यात पोकळी केली की ते कमजोर होतं. ओढलेली हवा बाहेर काढायला वाट हवी. आणि सर्वांत अवघड भाग हिशेबाचा: ती हवा दाबायला तुम्ही आधीच ताकद खर्च केली आहे. ती काढून टाकली तर तेवढी मेहनत वाया. घाटात थकलेल्यांना बाजूला घेतलं, पण त्यांना तिथवर आणायला पाणी आणि भाकरी खर्च झालीच होती.

हा हिशेब जुळवून दाखवला अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये. जॅक केरेब्रॉक, अली मर्चंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून हे काम केलं. त्यांनी ठरवलं, की जुन्या पात्याला भोकं पाडायची नाहीत. शोषण असणार हे धरूनच पातं पहिल्यापासून आखायचं, म्हणजे नेमक्या जागी थोडीशीच हवा ओढून भागेल. त्यांच्या पहिल्या नमुन्यात पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २२९ मीटर होता, म्हणजे या कामासाठी बराच कमी. एका टप्प्यात, म्हणजे एका फिरत्या आणि एका स्थिर रांगेत, दाब १.५८ पट झाला आणि कार्यक्षमता ९० टक्के राहिली. पात्यांच्या पाठीवरून ओढलेली हवा अर्ध्या टक्क्याच्या आसपास. भिंतींच्या कडेने आणखी थोडी. दुसरा नमुना टोकाला सेकंदाला सुमारे ४५७ मीटर वेगाने फिरणारा. त्यात एकाच टप्प्यात दाब ३ पटींच्या वर गेला, एकंदर ३.५ टक्के हवा शोषून. त्याचे निष्कर्ष २००४ च्या सुमारास प्रसिद्ध झाले.

युमोला ३.१ पटीसाठी आठ रांगा लागल्या होत्या. वेग, धातू, संगणक, सगळं साठ वर्षांत बदललं हे खरं, म्हणून ही तुलना जपून करायला हवी. तरी शंभर वर्षांपूर्वी टाकीतल्या दंडगोलावर दिसलेली गोष्ट इंजिनाच्या वेगावर खरी ठरली, हे नाकारता येत नाही.

दादांचं बोट

आणि तरीही, सांगितल्याप्रमाणे, प्रवासी विमानाच्या इंजिनात ही पाती अजून नाहीत. आरेखकांनी दरम्यान संगणकाच्या मदतीने पात्यांचे आकार इतके सुधारले की शोषणावाचून बरंच चढता येतं. इंजिनांत कॉम्प्रेसरमधून हवा सोडून देणाऱ्या झडपा असतात, पण त्यांचं काम सुरू होताना आणि कमी वेगात रांगांचा मेळ घालणं. सीमास्तर ओढणं हे नव्हे. हजारो तास चालणाऱ्या, धूळ, वाळू, पाऊस गिळणाऱ्या यंत्रात बारीक फट मोकळी राहील याची खात्री अजून कुणी दिलेली नाही.

आपल्याकडे हे काम थांबलेलं नाही. बंगलोरच्या कावेरी इंजिनात पुढे पंख्याचे तीन टप्पे आणि मागे कॉम्प्रेसरचे सहा आहेत, आणि दाब सुमारे २१ पट. २००८ मध्ये ते तेजस विमानापासून वेगळं केलं गेलं आणि तेजस अमेरिकन इंजिनावर उडतं. कावेरीला अपयश म्हणून मोडीत काढणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की नऊ टप्प्यांत २१ पट चढणं हे ऑर्फियसच्या परवान्यापासून फार लांबचं अंतर आहे. मुंबईच्या आयआयटीतही कॉम्प्रेसरच्या स्टॉलवर संशोधन होतं. तिथल्या भास्कर रॉय आणि ए. एम. प्रदीप यांची या विषयावरची व्याख्यानं एनपीटीईएलवर कुणालाही बघता येतात. तुमच्या घरात इंजिनियरिंगचं कुणी शिकत असेल तर जरूर दाखवा.

मी जेव्हा दादांशी वाद घालत होतो, तेव्हा मला वाटत होतं की आमच्यापैकी एकच बरोबर असू शकतो. एमआयटीचे निकाल वाचल्यावर पहिला विचार आला, की बघा, मीच बरोबर होतो. तोवर दादा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मी त्यांच्या घरी गेलो, संध्याकाळची वेळ होती, आणि त्यांना सगळं सांगितलं. तीन पट दाब, एकच टप्पा, शोषण. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, तो पंखा किती तास चालला?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रयोगशाळेतला नमुना होता तो. त्याला वीजकेंद्रातल्या पंख्यासारखं वर्षानुवर्षं रोज रात्रंदिवस चालायचं नव्हतं. प्रांटलने दहा मिनिटांत जे सांगितलं ते खरं होतं, पुढे शंभर वर्षांनी ते पुन्हा खरं ठरलं, आणि दादांचा प्रश्न दोन्ही वेळा शिल्लक राहिला. घाटगे १९३६ मध्ये गॉटिंगेनहून परतले तेव्हा त्यांच्याकडे पहिल्या प्रकारचं ज्ञान पुरेपूर होतं. देशाला दुसऱ्या प्रकारचं ज्ञान मिळवायचं होतं, आणि ते तुटलेली पाती मोजत, बिघडलेले तास लिहून ठेवत, पिढ्यान्‌पिढ्या मिळवावं लागतं. ते आपण अजून मिळवतो आहोत.

म्हणून एक विनंती करून थांबतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरात बंगलोरच्या, बराकपूरच्या, ओझरच्या विमान कारखान्यात काम केलेलं माणूस असेल, किंवा वीजकेंद्रात, गिरणीत आयुष्य घालवलेलं, तर त्यांच्या डायऱ्या, लॉगबुकं रद्दीत घालू नका. कुठली पाती कधी तुटली, का तुटली, कशी जोडली, हे त्या वह्यांत असतं. प्रांटलची आठ पानं जगाने जपली. या वह्या आपल्यालाच जपाव्या लागतील.